पाळणा पॉलिशला दिलाय

३ जानेवारी
सुताराची वाट बघून खिडक्या म्हाताऱ्या झाल्या. आता सुतारकाम मीच करणार. आधी रंधा मारायला भक्कम टेबल पायजे, मोबाईलवर बघितलं. माझ्या कमरेच्या मापाचं करीन. शेड रिकामीच हाय.

९ जानेवारी
मिरजगावातनं बाभळीचं लाकूड आणलं. आमचे मालक म्हणले, "ओलं हाय, उन्हाळाभर वाळू दे." एवढा दम कुणाला? पाय बसवले.

२० जानेवारी
पाय वाकले. टेबल गाभण म्हशीवानी एका अंगाला कललं. लाकडाचा दोष.

२२ जानेवारी
माळ्यावर सासूबाईंचा सागवानी पाळणा हाय. लेक पंकजा त्यातच वाढली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मार्चमधी येतीय. तवर टेबल करून त्याच्यावर नवा पाळणा करीन, ह्याच्यापेक्षा भारी. जुन्याला वाळवी लागलीच असंल.

२३ जानेवारी
वाळवी नव्हती. कापला.
वस्तू कामाला तरी आली. जेवण गेलं न्हाई.

१ फेब्रुवारी
टेबल उभं. पाय पाळण्याच्या खांबांचे. लाकूड आवळून धरायचा शिकंजा कठड्याचा. चहाचा कप ठेवायला कडेला भोक पाडलं. कप त्यातनं खाली गेला.

५ मार्च
पंकजा आली. जेवताना म्हणली, "आई, पाळणा काढला का?" तोंडातनं निघालं, पॉलिशला दिलाय. मालक माझ्याकडं बघाय लागले. मी त्यांना भाकरी वाढली.
उद्यापासून नवा पाळणा.

२ एप्रिल
झाला. आत ज्वारी ठेवून झोका दिला. ज्वारी अजून गोळा करतीय.

११ एप्रिल
नात झाली. बाराव्या दिवशी बारसं. लई वेळ हाय.

२१ एप्रिल
जाऊबाई लंकाबाईंकडं पाळणा मागायला गेले. दोन वर्षं बोलणं बंद हुतं. लंकाबाई म्हणल्या, "तुमचा कुठं गेला?" सांगितलं. पोट धरून हसल्या. मग एकदम म्हणल्या, "अगं, सासूबाईंचा?" पाळणा दिला. पाणी विचारलं न्हाई.

२२ एप्रिल
बारसं झालं. नाव ज्ञानेश्वरी. बायका पांगल्यावर पंकजा कठड्यावर बोटं फिरवत हुती. म्हणली, "दात येताना मी कठडा चावलेला. पॉलिशवाल्यानं माझे दात बी घासले व्हय?"
मी व्हय म्हणले.
संध्याकाळी लंगोट वाळत घालायला शेडमधी गेली. कठड्याच्या शिकंज्यापाशी वाकून लई वेळ बघत हुती. मी दारात.
जाताना म्हणली, "टेबल भक्कम झालंय, आई."