मागच्या सीटवरचा वास

बोरीवली,
५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रुचिरा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तू फोन उचलत नाहीस, म्हणून सासऱ्याला या वयात लेखणी धरावी लागली. मधुवंती बसायला लागली, असे व्याह्यांकडून कळले. नातीची बातमी आजोबाने बाहेरून ऐकावी, हेही नशीब.

गाडीचे कळवायचे होते. कंपनीने या बनावटीच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या. पेट्रोलच्या पंपाचा जोड सदोष होता, गळती होऊन पेट घेण्याचा धोका होता म्हणे. हर्षदने परवा गाडी नेली, नवा पंप फुकटात बसला. तेव्हा आता तुझ्या नाकाची तक्रार उरली नाही. गणपतीला गावी जाताना तू लेकीला घेऊन पनवेललाच उतरलीस, वाडीत आमची शोभा झाली. पण झाले गेले गंगेला मिळाले. तुझ्या सासूने चकलीची भाजणी दळून आणली आहे. हर्षद रविवारी गाडी घेऊन येईल, बॅग भरून ठेव.

आमची माया होती तशीच आहे.
धोंडिराम

मुलुंड,
९ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. पत्र पोचले. मधुवंती बसते आणि लगेच लवंडते. हसली की थेट तुमच्यासारखी दिसते. दातही दोघांना सारखेच, असे माझी आई म्हणते.

तो पंप कुठे असतो, हे हर्षदने सांगितले का? मागच्या सीटखाली. तिथे मी तिला मांडीवर घेऊन बसायचे आणि तुम्ही दोघे पुढे, काचा उघडून. जूनपासून सांगत होते, पेट्रोलचा वास येतो. हर्षद म्हणाला, बाळंतिणीला कसलेही वास येतात. तुम्ही म्हणालात, ही माहेरी जायची निमित्ते. पनवेलपर्यंत ती दोनदा ओकली, म्हणून उतरले. कंपनीने सांगितले ते मात्र तुम्हाला एका दिवसात पटले.

गंगेला मिळाले ते तुमचे. माझे अजून वाडीच्या तोंडी आहे. सुनेला बुद्धी दे, असे गाऱ्हाणे तुम्ही गणपतीपुढे घातलेत आणि सगळी वाडी 'व्हय म्हाराजा' म्हणाली. मला राग आहे, तो लपवत नाही. देवदिवाळीला गावी जाल तेव्हा त्याच माणसांपुढे गाऱ्हाणे घाला, की सून बरोबर होती आणि चूक आमची. दुसऱ्या दिवशी मी आपणहून घरी येईन. तोवर हर्षदला पाठवू नका.

आईंना नमस्कार. लोभ उरला असेल तेवढा राखावा.
रुचिरा

बोरीवली,
१४ ऑक्टोबर २०२५

सौ. रुचिरा हिस,
आशीर्वाद. तुझे पत्र घरात वाचून दाखवले. हर्षद ऐकून गाडी धुवायला खाली गेला. तुझी सासू म्हणाली, एका वाक्याचे तर आहे, घाला की. देवापुढे एकटा असताना मी म्हणेनही. त्याला सगळे ठाऊक आहे. पण वाडीसमोर सुनेपुढे मान तुकवायची, हे आमच्यात कधी झाले नाही आणि माझ्या हातून व्हायचे नाही.

बाळाची झबली आणि दुपटी पार्सलने पाठवली आहेत. सोबत सासूने विणलेले लोकरीचे टोपरे आहे. ते मुद्दाम मोठे विणले आहे, म्हणजे पुढच्या थंडीतही तिला तिकडे होईल.

जपून राहा.
धोंडिराम