पट्टीवर नसलेला आकडा

४ मे १९८७, सोमवार

१७६/१०८. डॉक्टरांनी दोनदा मोजला. मानेमागचा ठणका, पित्त, सकाळी आवळलेला जबडा — सर्वांचे मूळ एकच म्हणाले. ताण! "नाना, तुमचा रक्तदाब वाढला म्हणून वॅगन लवकर येत नाहीत." महिन्याची मुदत. १४०च्या खाली न आल्यास गोळ्या, आणि स्टेशनवरच्या कामातून सुटका. केळी संघाच्या वॅगन सव्वीस वर्षे मी भरवून घेतो आहे. सुटका नको. आकडा खाली आणणारच.

५ मे

पाऱ्याचे यंत्र घेतले. स्वतःचे स्वतः मोजताना हात ताठतो. म्हणून कंपाउंडरकडून सौ. कमलला शिकवून घेतले. तिने ऐकायचे, आकडा सांगायचा, मी लिहायचा. लोणचे, पापड, ठेचा बंद. पहाटे मेहरूण तलावापर्यंत चालणे. दहा मिनिटे दीर्घ श्वसन.

९ मे

१६४/१००. पुरेसे नाही. दिवसभर कुणाशी बोललो नाही.

१३ मे

वॅगन पाच तास उशिरा! घड उन्हात तापत पडले. मी मालधक्क्यावर ओरडत होतो, तेव्हा आमचा लोडिंग क्लार्क हिलाल सर्वांसमोर म्हणाला, "नाना, केळी पिकायच्या आधी तुम्हीच पिकाल!" हमाल हसले. मी हसलो नाही. घरी वरणात मीठ जास्त वाटले. ताट सरकवून उठलो.

नंतर आकडा — १४८/९२. आश्चर्य! श्वसनाचा परिणाम असावा.

२१ मे

१३८/८८.

२६ मे

१३१/८५! हिलालला मुद्दाम सांगितले. "मग पेढे काढा, नाना." मानेचा ठणका मात्र तसाच. चालण्याचे अंतर वाढवतो.

२८ मे

सकाळी यंत्राची काच पुसत होतो. पट्टीवरच्या रेघा दोन-दोनच्या आहेत. १३०, मग थेट १३२. १३१ आला कोठून?

सौ.ला विचारले. पुन्हा विचारले. आवाज चढला असावा, कारण तिने हातातली परात खाली ठेवली. ती शिंदखेड्याची, घाबरली की अहिराणीवर येते.

"एकशे चौसट सांगं, ते दिनभर तुम्ही कोनशीच बोलनात नहीत. खरं सांगती ते तुम्हनं आखो चढतं!"

खरा ऐकून माझा आणखी चढेल, म्हणून हे मनाचे आकडे! तिचे संपले नव्हते.

"तुम्हनी लुना दारशी वाजनी का मना जीव धडधड करस." मग हळूच — "आते बी करी राह्यना."

२९ मे

डॉक्टरांकडे १७०/१०४. गोळी सुरू केली. स्टेशनचे काम दोन महिने हिलालकडे. हे मीच सांगितले, डॉक्टरांनी सांगण्यापूर्वी.

येताना लुना कोपऱ्यावर बंद केली. घरापर्यंत ढकलत आणली.

३० मे

आज पट्टा तिच्या दंडाला, नळी माझ्या कानाला. सकाळची वेळ, पाच मिनिटे स्वस्थ बसवून, नियमाप्रमाणे. पहिला ठोका १८६ वर. शेवटचा ११२. पुन्हा मोजले. तेच.

"किती शे?"

१३० — माझ्याही ओठांवर आले होते!

खरा सांगितला. रिक्षा बोलावली आहे.