माथ्याखालचे सात फूट

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. मी अजून जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांची टर उडवून पोट भरतो. तुमची एकदाच उडवली होती, त्याबद्दल लिहायचंय.

ऐंशी-ब्याऐंशीचा सुमार. पोफळीच्या वीजघरातला एक फिटर मुंबईच्या गिर्यारोहकांबरोबर हिमालयात गेला आणि आधी कुणीच न चढलेलं शिखर चढून आला. ओठ सोललेले, दोन बोटं काळी पडलेली. रत्नागिरीत तुमचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि ज्यांना घरचा जिना चढताना धाप लागते अशा अध्यक्षांचं साहसावर तासभर भाषण. मग कुणीतरी विचारलं, "अगदी टोकावर उभं राहून काय वाटलं हो?"

"टोकावर नाय गेलो," तुम्ही म्हणालात. "खालच्या गावाचा देव आहे तिथं. माथ्यावर पाय ठेवणार नाय, असा शब्द दिलेला त्यांना. सात फूट सोडले नि फिरलो."

मागून एकजण ओरडला, "म्हणजे रत्नागिरीची एस्टी गाव तोंडावर आल्यावर हातखंब्यावरनंच परत!"

सभागृह हसलं. मी तर लेखच लिहिला. नवऱ्यामुलानं बोहल्यापर्यंत जावं नि अंतरपाट बघून माघारी यावं, तसे आमचे तीर्थरूप. साप्ताहिकाचा तो अंक हातोहात खपला.

तुम्ही तो स्वयंपाकघरात वाचताय. पुढ्यात पेज निवतेय, आई चुलीकडे तोंड करून बसलीय. "चांगलं लिहितोस," तुम्ही म्हणता. अंकाची नीट घडी घालता. "लोकांचं सोड रे. तुला खरं वाटतं ना?"

"हो बाबा. नुसती गंमत केली."

त्यानंतर त्या डोंगराबद्दल तुम्ही अक्षर काढलं नाहीत. शाळांची बोलावणी आली, तीही परतवलीत.

आपल्या देवराईत वाळकी लाकडं कुजून जायची. भर पावसात ओल्या फाट्यांच्या धुरानं आई डोळे पुसत भाकऱ्या भाजायची, पण तिथली पडलेली काटकीसुद्धा तुम्ही कधी घरात आणली नाहीत. देवाचं ते देवाचं. असा माणूस सात फूट का सोडेल, हे आईला कुणी सांगावं लागलं नाही. घरात शहाणा मी एकटाच.

हे पत्र खणातच राहील. तुम्हाला ऐकवायचा धीर तेव्हाही नव्हता. त्या दिवशी मला वाटलं होतं की वर तुमचा दम संपला असेल, आणि देव उतरताना सुचला असेल. 'हो' म्हणालो, ते खोटं होतं. पुढे आठ वर्षं आपण एका घरात राहिलो, आणि तुम्ही मला पुन्हा विचारलं नाहीत.