ताईला ब्लॉक केल्याबद्दल

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघे संपावर असल्याने तूर्त सहाच अंगांचा धरावा). तुझा खोकला आणि भाऊजींचा स्वभाव कसा आहे? दोन्हींना उतार पडो. मी ठणठणीत आहे. म्हणजे विचारायला कोणी नसतं, तेव्हा आपलं ठणठणीतच म्हणायचं.

गेल्या मंगळवारी तुझा फोन मी कापला, त्याचा हा खुलासा. वाचनालयात दर गुरुवारी आम्हा म्हाताऱ्यांना फोनवरचे भामटे ओळखायला शिकवतात. शिकवणाऱ्या बाई आपल्या नातीएवढ्या (मी त्यांना अहोजाहो करतो, त्या मला "आजोबा, आधी चष्मा लावा" म्हणतात). त्यांनी फळ्यावर भामट्याच्या तीन खुणा लिहिल्या: नंबर बदललाय म्हणतो, घाई करतो, कुणाला सांगू नका म्हणतो. शिवाय घरच्यांनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवायचा. फोनवर तो सांगता आला नाही तर माणूस खोटा. पुढच्या गुरुवारी सगळे शब्द ठरवून आले. शेजारच्या बाकावरच्या घड्याळजींचा तर नातवंडांशी भांडून दोनदा बदलूनही झाला होता. मीही ऐटीत "ठरला" म्हणून टाकलं. घरी मी एकटा, ठरवणार कोणाशी? पण चारचौघांत हसं कशाला करून घ्या!

आणि मंगळवारी अनोळखी नंबरावरून तू: "अरे, नंबर बदललाय, घाईत आहे, सुनेला कळू देऊ नकोस, पंधरा दिवस तुझ्याकडे राहायला येतेय." तिन्ही खुणा एका दमात! त्यातून माझ्याकडे राहायला कोणी येईल, हे मला मुळीच खरं वाटेना. मी दरडावून खुणेचा शब्द विचारला. तू म्हणालीस, "गाढवा, कसला शब्द?" मी फोन कापला, नंबर ब्लॉक केला आणि गुरुवारी छाती फुगवून वर्गापुढे सगळं सांगायला उभा राहिलो. सांगता सांगता 'गाढवा'पाशी आलो आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भामटे साखरेत घोळून "काका, काका" करतात गं. या वयात मला हक्काने गाढव म्हणणारं तुझ्याशिवाय कोण उरलंय? तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. मी चष्मा पुसत खाली बसलो.

तुझा जुना नंबर बंद. नवा ब्लॉक केल्यावर कुठे गडप झाला ठाऊक नाही. तो बाहेर काढायचं पुढच्या धड्यात आहे, आणि आधीच विचारावं तर टाळ्या परत कराव्या लागतील. म्हणून हे पत्र. रागावली असशील तर खुशाल रागाव, पण इथे येऊन रागाव. खिडकीजवळची कॉट झाडून ठेवली आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. खुणेचा शब्द 'गाढवा' ठरवला आहे. तुला पाठ करावा लागणार नाही.

आणखी एक ता. क. हे आमच्या बाईंच्या कानावर जाऊ नये. बँकेतून बोलतोय म्हणणारा एक भामटा मला रोज दुपारी फोन करतो. मी त्याला ताकास तूर लागू देत नाही. पण सुरुवातीलाच तो "काका, जेवलात का?" विचारतो. तेवढं ऐकतो, "जेवलो" म्हणतो आणि मग ठेवतो. त्याला ब्लॉक करायला हवं, कळतंय मला. तू आलीस की करतो.