टीव्हीतला डॉक्टर

मंगळवार, संध्याकाळ

आईने शुगरच्या गोळ्या बंद केल्यात. पाकीट तसंच भरलेलं दिसलं, म्हणून आज कळलं.

"डॉक्टरांनीच सांगितलं," म्हणाली. कुठल्या? तर टीव्हीवर सकाळच्या कन्नड कार्यक्रमात गप्पा मारायला येतो तो, पांढऱ्या कोटातला, चूर्णवाला!

इतकी वर्षं इकडे राहून आमच्या घरात सगळे कन्नड फडाफडा बोलतात, वाचता एकालाही येत नाही. त्यामुळे त्याच्या खालून सरकणारी ती बारीक अक्षरं आम्ही रोज नुसती बघत होतो. शेवटी फोटो काढून शेजारच्या गिरिजाक्कांना दाखवला. "अय्यो, ही जाहिरात आहे. डॉक्टर नाही, नट आहे असं लिहिलंय."

आईला सांगितलं. वाटलं, घाबरेल. ती म्हणाली, "सरी, असू दे, नट तर नट. माझ्याकडे बघून स्वल्प नीट बोलतो तरी. आपला डॉक्टर कधी मान वर करतो का?"

ती बारीक अक्षरं डोळ्यांपुढून हलत नाहीत. गोळ्या कधीपासून बंद आहेत, तेही ती धड सांगत नाही. काही झालं तर?

उद्या तिला मल्लेश्वरमला आपल्या डॉक्टरच्या दवाखान्यात नेतेय. देवा, त्या डॉक्टरने उद्या एकदा तरी मान वर करावी.