दोन चमचे ऋषी

बारामती,
ता. २ फेब्रुवारी १९३६

चि. एडिथ हिला यशोदाबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावामागे कु. लिहावं की सौ., हे मला कुणी कळवलेलं नाही, म्हणून नुसतं चि. लिहिलं. ते कुणालाही चालतं. इकडे सगळे खुशाल आहोत. थंडी यंदा बरी पडली, कालव्याला पाणी आहे, नीळकंठाच्या वडिलांचा गुडघा मात्र अधूनमधून कुरकुरतो. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. तीन वर्षं ती माझ्या मुलाला वेळेवर जेवायला घालते आहे, तिचे माझ्यावर उपकार आहेत. माझं मराठी नीळकंठ तुला वाचून दाखवील.

पत्राचं कारण तुझी चिठ्ठी. नाताळच्या जेवणाचं वर्णन करून नीळकंठाने लिहिलं होतं, ‘आई, पक्ष्याच्या पोटात भरायचं हे सारण घरमालकिणीच्या मुलीने केलं होतं. तुला नवं करून बघायची हौस, म्हणून तिच्याकडून कृती लिहून घेतली.’ हौस आहे हे खरं. दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतं ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण चिठ्ठी पडली इंग्रजी. ह्यांना इंग्रजी येतं, कॅनॉलच्या कचेरीत त्यातच जन्म गेला. पण पाव आणि पक्षी हे दोन शब्द वाचूनच चिठ्ठी चुलीत गेली असती. म्हणून मी शेजारून मालतीला हाक मारली.

मालती इंदापूरच्या वकिलांची मुलगी. पुण्यात राहून मॅट्रिक झाली आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी मावशीकडे आली होती. स्वयंपाकघरात पाट घेऊन, मांडीवर कोश ठेवून ती वाचायला बसली. शिळ्या पावाचा चुरा, लोणी, कांदा, मिरी असं भराभरा झालं आणि मग गाडी अडली.

“काकू, इथे दोन चमचे वाळलेला ऋषी लिहिलाय.”

“ऋषी?”

“कोशात तसंच आहे. सेज म्हणजे ऋषी, मुनी.”

आधी आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग माझं डोकं चालायला लागलं. आमच्यात भाद्रपदात ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. परसातला माठ, भोपळा, अळू असं हाताने लावलेलं तेवढंच शिजवतात. तिला म्हणतात ऋषीची भाजी. मला वाटलं, तुमच्यातही ऋषी पाळतात, फक्त वाळवून ठेवतात. फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. लगेच शेळगावच्या ठमाबाईला, म्हणजे आमच्या भाजीवालीला, बैल न लावलेला माठ आणि एक भोपळा आणायला सांगितलं.

ती म्हणाली, “काकू, पंचमी सरून पाच म्हयनं झालं. आता कुणाचा उपास हाय?”

“साहेबाचा.”

“साहेब बैल खातोय, आन बैलाच्या कष्टाचं खाईना व्हय?”

याचं उत्तर तुझ्याकडे असलं तर कळव.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालती पुन्हा आली. रात्री तिने मावशीच्या यजमानांचा मोठा कोश काढून बघितला होता. “काकू, माझं चुकलं. सेज नावाचं एक झाडही असतं. पानं लवदार, वास उग्र.” तिची नजर बोलता बोलता मोरीपाशी लावलेल्या पानओव्याकडे गेली. आम्ही एक पान चुरगाळून हुंगलं आणि ठरवून टाकलं. तर तुमच्या ऋषीच्या जागी आमच्याकडे पानओवा आला आहे. तुमच्या झाडाचं एक पान पुढच्या पत्रात घाल, आम्ही किती चुकलो ते तरी बघू.

परवा रथसप्तमीला केलं. पाव घरात येणं शक्य नाही, म्हणून आदल्या दिवशीच्या पोळ्या कुस्करल्या. अंडं गाळलं. पानओवा तव्यावर वाळवून चुरला, लोण्यात कांदा परतला, मिरी घातली. पक्ष्याऐवजी ठमाबाईचा भोपळा होताच. त्याचं टोपण कापून आतला गर काढला, सारण दाबून भरलं आणि खालीवर निखारे ठेवून तासभर भाजला. वास असा सुटला की कचेरीचे कागद टाकून हे आत आले. “काय आहे?” म्हणाले. मी म्हटलं, “कुस्करा.” दोनदा मागून घेतला. खोटं मी बोलले नाही, कारण तुमचं सारण म्हणजे आमचा शिळ्या पोळीचा कुस्कराच आहे. मला नवल याचं वाटतं, की आम्ही सणाला शिळं शिवत नाही आणि तुम्ही सणासाठी मुद्दाम शिळं करून ठेवता. ताज्या पावाचं केलं तर काय बिघडतं? आणि ते ताटात कुणाला आधी वाढतात?

नीळकंठ पोटातलं सारण तेवढं खातो की बाहेरचा पक्षीही, हे मात्र मी विचारत नाही.

चिठ्ठीत तळाशी एक ओळ होती. तिच्याबद्दल लिहायचं मी मघापासून टाळते आहे. मालतीने तीही वाचली. ‘नीलला कांदा जास्त लागतो, म्हणून मी दुप्पट घालते.’

या घरात वीस वर्षं त्याने पोह्यातला कांदा वेचून ताटाच्या कडेला ठेवला. तुझ्या घरी दुप्पट लागतो. माणूस कांद्यासाठी कांदा खायला लागत नाही, एवढं मला कळतं. आणि नील त्याला इकडे कुणीच म्हणत नाही.

लोणी, मीठ ज्या आवाजात वाचलं त्याच आवाजात मालतीने ही ओळ वाचली. मग कोश मिटला आणि म्हणाली, “काकू, मिरी किती ते सांगितलं ना मी?” ती सांगायची राहिली नव्हती.

मालती कोण, हे त्याने तुला सांगितलं नसावं. तो विलायतेला निघाला त्याच्या आदल्या आठवड्यात दोघांची सुपारी फुटली. त्याला विचारून, तो हो म्हणाल्यावर फुटली. तीन वर्षं ती त्याच्या नावाने थांबली आहे. आणि ती ओळ वाचल्यावरही दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली, कारण दिलेला अर्थ चुकला होता आणि तो दुरुस्त करायचा होता.

भोपळा भरताना मीच विषय काढला. म्हटलं, “माझ्या मुलाने तुझं वाईट केलं.”

ती म्हणाली, “काकू, त्यांचं मन बदललं, ते मी समजू शकते. पण मला पुण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचंय. बाबा म्हणतात, लग्न ठरलेल्या मुलीने कशाला? दोन वर्षं गेली अशी. आता जूनला तिसरं जाईल. तुम्ही सांगून बाबा ऐकायचे नाहीत. मला तुमच्या मुलाच्या अक्षरात नकार हवा.”

नकार मागताना ती रडली नाही. मी रडले.

तुझा राग आला का? आला, दोन दिवस होता. मग वाटलं, ज्या मुलीने चिठ्ठीत सरळ कांद्याचं लिहिलं तिला काही लपवायचं नव्हतं. लपवलं माझ्या मुलाने, दोन्हीकडे. ह्यांना मी अजून काही बोलले नाही. शब्द ह्यांनी दिला होता, ह्यांना फार लागेल. ते मी बघेन.

सोबत या पत्राची इंग्रजी प्रत आहे, मालतीने केलेली. पाकिटावर तुझं नावही तिनेच घातलं. तो वाचून दाखवील तेव्हा प्रतीवर बोट ठेवून बस, म्हणजे कुठे अडखळतो ते तुला समजेल.

पाडवा २४ मार्चला आहे. त्याच्या आत नीळकंठाचं पत्र इंदापूरला वकिलांच्या हाती पडलं पाहिजे, गोलगोल नको, सरळ. तुला तो हवा असेल तर त्याला समोर बसवून लिहायला लाव. तू त्याला आवडतेस, तेव्हा कधी ना कधी मलाही आवडशील, माझा स्वभाव तसा आहे. पण एकीची वाट अडवून दुसरीला घरात घेणं माझ्याने होणार नाही. ते पत्र पडेपर्यंत नीळकंठाची आई म्हणून मी सही करणार नाही.

मालतीच्या बाजूची,
यशोदा