आईला आवडणारी बाग

३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल आईला समुद्राजवळच्या त्या जुन्या जंगलबागेत घेऊन गेलो आणि डोक्याला नुसता ताप करून घेऊन परत आलो. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांशी लग्न करायचं तिने मनावर घेतलंय, तर बाबा होते तेव्हा तिला दरवर्षी न्यायचे तिथेच न्यावं, म्हणजे आठवणी जाग्या होऊन विषय आपोआप मिटेल, ही कल्पना तुझी होती हे नम्रपणे नमूद करतो. मी त्यासाठी बस डेपोतली पाळी बदलून घेतली.

दोनशे वर्षांपूर्वी कुणा जहाजमालकाने खारा वारा अडवायला आधी उंच झाडं लावली आणि त्यांच्या आडोशाला ही बाग केली, असं पाटीवर आहे. मी ते मोठ्याने वाचलं. आई म्हणाली, पाटी अजून तीच आहे. लाल फुलांची झाडं माणसाच्या दुप्पट झालीत, पायवाटेवर पाकळ्यांचा चिखल. तिने एकदाही मान वर केली नाही. बाबांच्या बाकावर बसवलं, तर बाक ओला म्हणून उठली. मी बाबांचा विषय काढला की ती जेवणाचा काढायची. मग धुकं उतरलं, वाट चुकलो, आणि बाहेर येईपर्यंत उपाहारगृह बंद. परतताना मी चिडून विचारलं, की बाबांची जराही आठवण येत नाही का.

मी हात टेकले. लोभ आहेच, तो वाढवण्याआधी तिला तू समजाव.
तुझा धाकटा

९ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आईला उपाशी फिरवून वर तिलाच बोललास, धन्य आहेस. तुझा राग नेहमी नाकाच्या शेंड्यावर.

पण मलाही एक गोष्ट खटकतेय. बाबा त्या सहलीच्या आदल्या दिवशी माझ्याजवळ कायम कुरकुरायचे. तिथल्या ओलाव्याने त्यांना सर्दी व्हायची. मला म्हणायचे, तुझ्या आईला आवडतं, म्हणून जायचं. हे मी आधीच सांगायला हवं होतं का, कळत नाही. तू आधी तिची माफी माग. बाकी भेटीत.
तुझी ताई

१४ मार्च
चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. ताईने बाबांबद्दल कळवलं ते वाचून आधी हसले, मग फार वाईट वाटलं. तुझे बाबा माझ्यासाठी त्या बागेत जायचे, आणि मी त्यांच्यासाठी. मला ती झाडी कधीच आवडली नाही रे. कोंदट वाटायचं. पण ते इतक्या हौसेने डबा भरायला सांगायचे की बोलायचा धीर झाला नाही. आणि आता माझ्यासाठी म्हणून तूही तिथेच नेलंस. तुला दोष देत नाही, हे आपल्या घराचं वळणच आहे.

त्यांची आठवण रोज येते. तसं पुन्हा विचारू नकोस.

घड्याळवाल्यांनी दुसऱ्याच भेटीत विचारलं, तुम्हाला कुठे जायला आवडेल? मला उत्तरच सुचेना. ते स्वतःचं काही न सुचवता थांबून राहिले. म्हणून मी लग्नाला हो म्हटलं.

माया होती तशीच आहे. लग्नाला ये, राग घरी ठेवून.
तुझी आई